पाठीवर पाळणा घेऊन बारा कोस

परत येऊन आठ महिने झाले, तरी अजून गल्लीतली कोणी ना कोणी बाई हातातलं काम टाकून येते आणि म्हणते, "आक्का, ती पाळण्याची गोष्ट सांगा की." प्रत्येकीला सांगता सांगता माझी भाकरी करपते. मला चार इयत्तांपुरतं लिहिता-वाचता येतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आता कोणी आली की कागद पुढं करीन. तिला वाचता येत नसलं तर तो तिचा प्रश्न.

मी नेकनूरची. माझी धाकटी लेक गोदी बालाघाटाच्या डोंगरात दिली आहे, अंबेजोगाईच्या अंगाला. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात, पण कागद लिहिणाऱ्याची आईसुद्धा घरी अंबेजोगाईच म्हणत असणार. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो, त्याला चार दिवस लागतात. डोंगरातून सरळ पाऊलवाट आहे, बारा कोसांची. त्या वाटेनं मेंढरं जातात, लाकूडतोडे जातात आणि घर सोडून पळालेले जातात. माझ्या वयाची बाई पाळणा घेऊन गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

पाळणा कशाला, ते सांगते. गोदीची पहिली दोन्ही पोरं वर्षाच्या आत गेली. पहिल्या खेपेला मी हिवतापानं अंथरुणात होते, दुसऱ्या खेपेला ओढे भरले होते, म्हणून तिला माहेरी आणता आलं नाही. दोन्ही बाळंतपणं सासरी झाली आणि दोन्ही पोरं सासरच्याच पाळण्यात निजली. तिसरं झालं तेव्हा गोदीनं सांगून टाकलं, या पाळण्यात मी बाळ ठेवणार नाही, माझ्या आईचा पाळणा आणा. माझ्या पाळण्यात सात निजली आणि पाच जगली. आमच्याकडं एवढं पुष्कळ समजतात.

हा निरोप कासारानं आणला. बाळ चार दिवसांचं असताना तो तिथून निघाला आणि वाटेतल्या गावागावात बांगड्या भरत बाळाच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात पोचला. आधी तांब्याभर पाणी प्याला आणि मग म्हणाला, "गोदाबाई झोपत न्हाई, आक्का. बाळ मांडीवरनं खाली ठेवीत न्हाई. बसल्या बसल्या पेंगती आन दचकून उठती. सासू म्हणती, बाराव्या दिशी बारसं हाय, आज्ज्याचं नाव ठेवायचं हाय, तवा बाळ हिसकून घेऊन पाळण्यात घालीन. गोदाबाई म्हणती, घालून बघा, मी हिरीत उडी घेती का न्हाई."

"आन हे तू आज सांगतूस व्हय रं?"

"वाटंत गिऱ्हाईक लई होतं."

लाकूड पोरं खात नाही, ताप खातो, हे मला कळतं. पण ओली बाळंतीण झोपेवाचून राहिली तर खंगते, तिचं दूध आटतं आणि मग बाळही जातं, हेही मला कळतं. तेव्हा खरं खोटं बाजूला ठेवून पाळणा बाराव्या दिवशी बारशाच्या आत पोचवायचा होता. मुलगा बैलं घेऊन कापूस वाहायला गेला होता. घरात राहिले माझे धाकटे दीर, सखाराम भावजी. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि हिमतीनं वीस वर्षांनी. चाळीस वर्षांपूर्वी हरवलेला खोंड शोधायला ते त्या डोंगरात गेले होते, म्हणून वाट आपल्याला तोंडपाठ आहे असं म्हणतात. खोंड सापडला नव्हता, ते सांगत नाहीत.

अकरावा दिवस, वेस

दिवस बाळाच्या वयानं लिहिते, म्हणजे घाई किती होती ते ध्यानात राहील.

डोक्यावर घेतला तर पाळणा बोरी-बाभळीत अडकला असता. म्हणून त्याचेच दोर दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतले आणि छातीशी गाठ मारली. पाळणा मागं कमरेशी आडवा लटकला. मी पाऊल टाकलं की तो डुलायचा आणि माझ्या कंबरेला ढुशी द्यायचा.

वेशीपर्यंत गेले नाही तोच विहिरीवरच्या बाया ओरडल्या, "आगं आक्का, थांब! रिकामा पाळणा हालतुया!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहिते. आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत. हलवला तर त्यात निजणाऱ्याचं वाईट होतं म्हणतात. बारा कोसांत तो किती वेळा हलेल हे भावजी बोटांवर मोजायला लागले आणि घाबरून मध्येच थांबले.

"मग न हलवता न्यायचा कसा?" मी विचारलं.

सगळ्यांनी हरकत तेवढी पुन्हा सांगितली. शेवटी एकजण माझ्याच घरी पळत गेली आणि माझ्याच पाट्यावरचा वरवंटा उचलून घेऊन आली. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात निजवायची चाल आहेच, त्यामुळं हे सगळ्यांना पटलं. दुसरीनं टोपडं आणलं, वरवंट्याला घातलं आणि खाली बंद बांधले. तिसरीनं काजळाची तीट लावली.

"आता कसं बाळावाणी दिसतंय," भावजी म्हणाले.

मला तर टोपडं घातलेला वरवंटा दिसत होता. चार शेरांचा काळा दगड, बारा कोस, माझ्या पाठीवर. पण वाद घालत बसले असते तर ऊन वर आलं असतं.

अकरावा दिवस, माळ

नेकनूर मागं पडलं की माळ लागतो. फाल्गुन होता. गवत कापून नेलेलं, सीताफळीची झुडपं वाळून कोळ झालेली, जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त. लांब कुठंतरी एखादा पळस पेटल्यासारखा लाल दिसायचा, पण जवळ गेलं तर सावली म्हणून काही नाही. हरणांचा एक कळप आमच्या आडवा आला. हरणं माणूस पाहून पळतात. ही थांबली, माझ्याकडं पाहिलं, पुढं जाऊन पुन्हा वळून पाहिलं. त्यांनाही पाळणा पाठीवर घेतलेलं जनावर नवीन असणार.

दीड कोसावर माझी कंबर बोलायला लागली. मी भावजींना म्हटलं, "तुमच्याजवळच्या भाकरी पाळण्यात टाका आन वरवंटा तुमी घ्या. पाळणा भरलेला ऱ्हाईल की."

त्यांना हे नाकारता आलं नाही. त्यांनी भाकरीचं गाठोडं पाळण्यात ठेवलं, वरवंट्याचं टोपडं काढून गाठोड्याला घातलं आणि वरवंटा खांद्यावर घेतला. मग मी तरतरीत चालले आणि ते मागून कण्हत आले.

दुपारी एका हिवराच्या झाडाखाली बसलो. मी गाठोड्याला हात घातला, तसे भावजी म्हणाले, "वैनी, नका. भाकरी खाल्ल्या तर पाळणा रिकामा व्हईल."

"मग वरवंटा ठेवा की परत."

"ठेवतो. पन आता ह्या भाकरी…" ते गाठोड्याकडं बघत राहिले. "दोन कोस ह्येला झोका देऊन निजवलाय. टोपडं घातलंय. आता त्येलाच कसं खायाचं?"

माझी भाकरी खाऊन झाली, त्यांचं बघणं चालूच होतं. ठेचा आणि कांदा पाहिल्यावर मात्र ते विरघळले. आधी टोपडं काढून वरवंट्याला घातलं, मग माझ्याकडं पाठ करून खाल्लं. तीन भाकरी खाल्ल्या. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेत होते, त्यातलाही एक मला न विचारता खाल्ला. त्याला टोपडं घातलेलं नव्हतं, असं म्हणाले. त्यानंतर वरवंटा पुन्हा माझ्या पाठीवर आला. भाकरी संपल्या होत्या आणि आता अदलाबदल करायला काही उरलं नव्हतं.

अकरावा दिवस, चौकी

माळ संपतो तिथं खिंड आहे. गेल्या साली तिथं वाटमारी झाली, तेव्हापासून एक चौकी बसवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचा हुकूम आहे. चौकी म्हणजे एक छप्पर, एक बाज, एक रांजण आणि मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा जवान.

"ठैरो," तो म्हणाला. "कां से आए?"

आमची नावगावं त्यानं लिहून घेतली. सावकाश, एकेक अक्षर नवसानं झाल्यासारखं. मग त्याला माझ्या मागं टोपडं दिसलं. म्हाताऱ्याचा चेहरा मऊ झाला. वहीवरचा हात न उचलता त्यानं भावजींना विचारलं, "बच्चे का नाम?"

भावजींची एक खोड आहे. वर्दीवाल्यानं काही विचारलं की जे पहिलं तोंडात येईल ते ठणकावून सांगायचं, म्हणजे मार बसत नाही असं त्यांना वाटतं.

"रंगनाथ!" ते म्हणाले.

रंगनाथ हे गोदीच्या सासऱ्याचं नाव. ते वारले. बाळाला हेच नाव ठेवायचं विहीणबाईंनी ठरवलं होतं.

"उमर?"

"अकरा दिस!"

बापाचं नाव विचारलं, भावजींनी तेही सांगितलं. मी "आवो, आवो" म्हणत होते, पण बाईमाणूस मध्ये बोलते म्हणून दोघांनीही लक्ष दिलं नाही. जवानानं लिहून झाल्यावर शाईवर चिमूटभर वाळू टाकली, उठला आणि बाळाच्या गालाला बोट लावायला आला.

बोट लावलं. पुन्हा लावलं. टोपडं जरा वर सरकवलं.

"अगे अम्मा," तो म्हणाला, "ये तो फत्तर है!" अम्मा म्हणत होता, पण माझा थोरला भाऊ शोभला असता.

मी त्याला सगळं सांगितलं. गेलेली दोन पोरं, न झोपणारी लेक, पाळणा, रिकामा हलू नये म्हणून वरवंटा. त्यानं शांतपणे ऐकलं. भावजी त्याच्या पायाशी बसून "चुकलो सरकार, खोडा ते नाव" म्हणत होते.

"खोडू कैसे? काटछाट दिखी तो साहब मेरेकू पूछता." त्यानं वही पुन्हा वाचून पाहिली. "तुम बोले नाम रंगनाथ. मय लिखा रंगनाथ. झूट किधर है? इस फत्तर का नाम रंगनाथ. होगया."

मग आम्हाला रांजणातलं गार पाणी दिलं. शिंक्यातून खजुराची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, बेटी को देना. निघताना पाळण्यात वाकून वरवंट्याला म्हणाला, "जाव रंगनाथ मियां, संभलके."

खिंड ओलांडली आणि भावजी वाटेतच थांबले. "वैनी, लई वंगाळ झालं. टोपडं घातलं, तीट लागली, पाळण्यात निजला, नाव पडलं आन सरकारात दर्ज बी झालं. आपल्या हातनं दगडाचं बारसं झालं की वो! नाव खर्ची पडलं. आता बाळाला काय ठेवायचं?"

"तुमचं ठिवू. सखाराम."

"माझं नगं," ते घाईनं म्हणाले. "लई भित्रं निघल."

अकरावा दिवस, उतार

खिंडीपलीकडं उतार आहे. वाट म्हणतात तिला, पण तो सुट्या खड्यांचा ओघळ आहे. उजव्या हाताला घळ. भावजी पुढं झाले, कारण वाट त्यांना तोंडपाठ.

माझा पाय सटकला तो मागच्या मागं. मी बसले ती नेमकी पाळण्यात. आणि पाळणा उतारावरून घसरत सुटला. माझी सात पोरं त्यात निजली, पण मी स्वतः कधी बसेन असं वाटलं नव्हतं. मी पाय वर करून, दोन्ही हातांनी दोर धरून, भावजींच्या बाजूनं खाली गेले. त्यांनी मला वाट दिली, एवढंच केलं. खाली एका धावड्याच्या बुंध्याला पाळणा आदळून थांबला. तळाच्या दोन पट्ट्या कडकन मोडल्या, त्या भगदाडातून वरवंटा निसटला आणि टोपड्यासकट घरंगळत घळीत गेला.

भावजी घळीच्या काठावर उभे राहून जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले. "रंगनाथ! आरं रंगनाथ पडला! रंगनाथ!"

खालच्या अंगाला धनगरांची मेंढरं होती. तिथून एक बाई आणि दोन बाप्ये कुत्र्यांसकट धावत वर आले.

"पोरगं पडलं का? कुठं पडलं?" बाईनं विचारलं.

भावजींना धाप लागली होती. त्यांनी घळीकडं बोट केलं आणि म्हणाले, "टोपडं… टोपडं घातलेलं…"

बाईनं ऊर बडवून घेतला. एक बाप्या दोर घेऊन घळीत उतरायला लागला. मी दोरांत गुरफटून झाडाखाली उताणी पडले होते. तिथून ओरडले, "आवो, दगड हाय! दगड हाय!"

"दगड हाय तर सांभाळून उतरतो, म्हातारे!" तो खालून म्हणाला. "तू धीर धर!"

मग तो वर आला. काखेत वरवंटा होता. टोपडं जागच्या जागी होतं, तीटसुद्धा पुसली नव्हती. त्यानं तो बाईच्या हातात दिला. बाईनं वरवंट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग भावजींकडं.

"ह्यो काय?"

"वरवंटा," मी म्हटलं.

"मग ह्याला रंगनाथ कोन म्हनतंय?"

"सरकारच्या वहीत हाय," भावजी म्हणाले.

त्या बाईचं नाव ठकूबाई. तिनं आम्हाला घटकाभर शिव्या दिल्या. त्यातल्या काही मला नवीन होत्या. मग म्हणाली, "दिस कलायला आला. लांडगं हायती हितं. चला वाड्यावर."

अकरावा दिवस, मेंढरांचा वाडा

वाडा म्हणजे काट्याचं कुंपण, त्यात मेंढरं, आणि कुंपणाला लागून माणसं. तिनं हुलग्याचं गरम माडगं प्यायला दिलं. आमच्याकडं माडग्यात गूळ घालतात, त्यांनी मीठ आणि लसूण घातला होता. त्यांचं चांगलं होतं. लोकरीचा वास मात्र सगळ्याला, माडग्यालाही.

पाळण्याचं भगदाड पाहून तिनं लोकरीचा दोर आणला आणि मोडक्या पट्ट्या आवळायला बसली. दोन झाडांना बांधलेल्या घोंगड्याच्या झोळीत तिची नात निजली होती.

"तुमच्यात पाळणा न्हाई?" मी विचारलं.

"मेंढरामागं हिंडायचं, पाळना कुठं वागवायचा? झाड घावंल तिथं झोळी. तू बी चांगली शहाणी दिसतीस, मग ह्यो लाकडाचा संसार पाठीवर का म्हून घेतलास?"

मी तिलाही सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"माझी तीन गेली," ती म्हणाली. "चौथा झाला तवा त्येला जनमल्या जनमल्या उकिरड्यावर लोळवला आन नाव बी उकिरडाच ठिवलं. ज्याला न्यायचं त्यो चांगलं नाव हुडकीत येतुय. उकिरडा म्हनलं की नाक मुरडून फुडं जातंय. ह्यो काय बसलाय."

घळीत उतरला होता तोच हा उकिरडा. गलमिशा, मांडीएवढा दंड. तो लाजला.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या गल्लीत दोन केरू आणि एक दगडू आहे. पण ठाऊक असलेली गोष्ट लागेल त्या वेळी आठवत नाही. मला तर ती त्या रात्रीही उपयोगाची वाटली नाही. मी पाळण्याच्याच विचारात होते. दोर आवळला तरी एक पट्टी साफ गेली होती आणि मधून हात जात होता.

बारावा दिवस

उजाडताच निघालो. भावजी तोंडपाठ वाटेनं निघाले. उकिरडा म्हणाला, "बाबा, तिकडनं गेलात तर सांजच्याला परत नेकनूरला जाल." मग तोच पुढं झाला. शेवटच्या टेकडीवरून त्यानं गाव दाखवलं आणि ठकूबाईनं दिलेला उरलेला लोकरीचा दोर माझ्या खांद्यावर टाकून माघारी गेला.

दुपार कलता लेकीच्या दारात पोचले. अंगणात बाया जमल्या होत्या, घुगऱ्यांची टोपली भरून ठेवलेली. सोप्यात विहीणबाईंच्या घरचा पाळणा टांगून त्याला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. गोदी धान्याच्या कणगीला पाठ लावून बसली होती, बाळ मांडीवर. तिचे डोळे कुंकवाच्या करंड्यासारखे लाल. समोर विहीणबाई दोन्ही हात पुढं करून उभ्या. बोलणं आधीच संपलं असावं.

"आई आली," गोदी म्हणाली.

मी पाळणा खाली उतरवला. सगळ्यांनी तो पाहिला. धुळीनं माखलेला, लोकरीच्या दोरानं आवळलेला, तळाला भगदाड.

"भंगलेला पाळणा?" विहीणबाई म्हणाल्या. "नव्या जिवाला? ह्यापरीस आमचा काय वाईट हाय?"

तीस वर्षांत विहिणींचं बोलणं मला कधी पटलेलं नाही. या खेपेला त्या बरोबर होत्या.

गोदीनं भगदाडात हात घालून पाहिला. हात आरपार गेला. बाळाला छातीशी धरून उठली आणि मागच्या दाराकडं चालायला लागली. मागच्या दाराबाहेर विहीर आहे.

तेव्हा मी विचार केला असं म्हणणार नाही. माझ्या हाताला जे लागलं ते मी उचललं. वरवंटा उचलला आणि विहीणबाईंच्या माळा लावलेल्या पाळण्यात ठेवला. पाळणा कचकचला.

"थांब, गोदे," मी म्हटलं. "ह्या पाळण्यात तिसरं निजलं. रंगनाथ त्याचं नाव."

ती दारात थांबली.

"काय म्हनलात?" विहीणबाई म्हणाल्या.

आणि भावजी, जन्मात पहिल्यांदा, वेळेवर बोलले. "सरकारात दर्ज हाय. खिंडीतल्या चौकीवर. नाव रंगनाथ, उमर अकरा दिस, बापाचं नाव ह्या घरचं. खोडता येत न्हाई."

"ज्याला न्यायाचं असंल," मी म्हटलं, "त्यानं यावं, वहीत नाव बघावं आन ह्या पाळण्यातनं न्यावं. चार शेरांचा हाय. मी आणलाय, मला ठाऊक."

बायांपैकी कोणीतरी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. विहीणबाईंचा चेहरा काळा-निळा झाला. "माझ्या मालकाचं नाव दगडाला दिलं? नातवासाठी ठिवलेलं नाव?"

"विहीणबाई, नातवाला ठेवलं असतं तर तुमी त्याला हाक कशी मारली असती? मालकाचं नाव कधी तोंडानं घेतलंय का?"

बारा दिवस त्या या नावासाठी भांडत होत्या, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या पाळण्याजवळ गेल्या. वरवंट्याचं टोपडं एका बाजूला सरकलं होतं, ते नीट केलं. बंद पुन्हा बांधले.

"दोन्ही माझ्याच मांडीवर गेली," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग माझ्याकडं वळून, "आन ह्याचं नाव काय ठेवायचं?"

"धोंडू," मी म्हटलं. "निजायला झोळी."

माझं दुसरं लुगडं काढलं, ठकूबाईचा लोकरीचा दोर काढला आणि सोप्याच्या दोन खांबांना झोळी बांधली. बाळाची आत्या चांगलं नाव कानात सांगायला सकाळपासून घसा साफ करून बसली होती. धोंडू म्हणताना तिला रडू आलं, पण म्हणाली. गोदीनं दारातून परत येऊन आपल्या हातानं बाळ झोळीत ठेवलं. हात काही वेळ तसाच आत राहिला. मग तिनं तो काढून घेतला, झोळीखाली मोकळ्या भुईवर आडवी झाली आणि घुगऱ्या वाटून व्हायच्या आत घोरायला लागली. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तरी उठली नाही. दूध प्यायला बाळ तिच्याजवळ लावायचो, तेवढं पाजायची, झोपेतच. बाया तिला ओलांडून ये-जा करत होत्या.

मी तीन दिवस राहिले आणि गाडीरस्त्यानं परत आले. माझा पाळणा तिथं गोठ्यात टाकला आहे, त्यात कोंबडी अंडी घालते. म्हणजे तो रिकामा नाही, असं भावजी म्हणतात. वरवंटा काढून आणायला कोणाची छाती झाली नाही, माझीही नाही. मी शेजारणीचा वरवंटा मागून चटणी वाटते. तो हलका आहे, चटणी भरड राहते.

परवा कासार आला. या खेपेला लवकर आला. धोंडूला खालचे दोन दात आले आहेत, अंगानं बरा आहे, माती खातो. गोदी झोपते. विहीणबाई रोज दिवे लागले की पाळण्यातल्या वरवंट्याला झोका देतात. मी विचारलं, नाव तर घेत नसतील, मग हाक काय मारतात?

कासार म्हणाला, धोंडूला 'आरं' म्हणतात आणि त्याला 'अहो'.